स्कॉच साहेब, सिंधुदुर्ग आणि सदऱ्याचा वास

सिंधुदुर्ग किल्ल्याचा दरवाजा मालवणच्या धक्क्यावरून दिसत नाही. होडीत बसलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो, आत जायचं कुठून? मी सांगायचो, "बसान ऱ्हवा, दाखवतंय." होडी तटाला आपटते की काय असं वाटेपर्यंत सरळ न्यायची, बायकांनी देवाचं नाव घेतलं की मग वळवायची. दोन बुरुजांच्या बेचक्यातून दरवाजा समोर येतो. यात माझी हुशारी काही नाही, बांधणाऱ्याची आहे. पण माणसं माझ्याकडे बघून "वा" म्हणायची आणि मी ते घ्यायचो.

हे काम मी तीस-पस्तीस वर्षं केलं. लोकांना वाटतं होडीवाल्याचं काम वल्ही मारायचं. वल्ही कोणीही मारील. काम आहे खडक लक्षात ठेवायचं. धक्का ते किल्ला पाण्याखाली सगळे खडकच आहेत. ओहोटीला ते दिसतात, पूर्ण भरतीला होडी वरून जाते. मधल्या वेळी ते दिसतही नाहीत आणि सोडतही नाहीत. तो वेळ वाईट. दुसरं काम, पाणी बघून पावण्यांना वेळेत उठवायचं. माणूस एकदा तटावर सावलीत आडवा झाला की त्याला राज्य आपलंच वाटतं. तिसरं काम इतिहास सांगायचं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. इतिहास मी किल्ल्यातच राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून ऐकून शिकलो आणि जिथं त्याला आठवत नव्हतं तिथं मी भर घातली. शाळेची पोरं असली की लढाई जास्त सांगायची. नवीन लग्नाचं जोडपं असलं की लढाई कमी आणि दोन फाट्यांचा माड जास्त. एकदा एक निवृत्त कारकून आले होते. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्यांनी तिन्ही बावींचं पाणी चाखलं आणि मला सांगितलं की नावं चुकीची लावली आहेत, दूधबाव ती खरी दहीबाव. मी म्हटलं, "तीनशे वर्सां झाली नावां देवन." तर म्हणाले, "मग तीनशे वर्षं चुकताय." परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यानं होडी ठरवली त्याला राग येईल असा इतिहास सांगायचा नाही, हा मी घालून घेतलेला नियम होता. त्याची आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

आता घरातलं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पीत होतो. सरकारची दारूबंदी होती, पण गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आरोंद्याच्या खाडीपलीकडून लागेल तेवढी यायची. बायको जानकी, मासे विकायची. बोलायला माझ्यापेक्षा खडखडीत. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा एकदा बोचकं बांधून माहेरी आरोंद्याला निघून गेली, ती तीन महिने आली नाही. मी आणायला गेलो तर बापाच्या अंगणात सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवळाच्या पायरेर हात ठेवन बोला, थेंब घेवचंय नाय. आणि परत घेतलात तर मी गेलंय. मगे आणूक येव नका."

हात ठेवला. ती आली. त्याला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा हा साहेब आला.

रेडीच्या बाजूला डोंगरातून लोखंडाची माती काढायचं काम सुरू होतं, तिथं यंत्रं बसवायला आला होता. उंच माणूस, उकडलेल्या खेकड्याच्या, आमच्या कुर्लीच्या रंगाचा. बरोबर दुभाषी म्हणून पास्कू मास्तर. मास्तर आमच्याच गावचे, ख्रिस्ती, शाळेत इंग्रजी शिकवायचे. साहेबाच्या खांद्याला एक कापडी पिशवी आणि तिच्यात लोखंडी टोकाच्या तीन काठ्या. मास्तर म्हणाले, "आजचो दिवस होडी हेचीच. आधी किल्लो, मगे वाळूर खेळ, मगे घराक."

किल्ल्यात शिरल्यावर मी सुरू केलं. गोऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळा इतिहास होता. त्यात इंग्रज आले, त्यांना किल्ला आवडला आणि त्यांनी तो नीट ठेवला. मास्तर इंग्रजीत सांगत होते. साहेब ऐकत ऐकत तटावर चढला आणि जिथं तट पाडलेला आहे तिथं उभा राहून काठीनं दाखवत काहीतरी बोलला.

"काय म्हणता?" मी मास्तरांना विचारलं.

"म्हणता, हां नीट ठेवल्यानी?"

साहेब पुन्हा बोलला, या वेळी जोरात.

"म्हणता, मी इंग्रज नाय. स्कॉच."

"स्कॉच म्हणजे काय?"

"अरे, येगळो मुलूख तो. इंग्रजाक चिकटान आसा. गोंयकाराक पोर्तुगीज म्हटल्यार कसो राग येयत, तसां तां."

"मगे आधी सांगूक काय झाला?"

"तू विचारलस खंय? गोरो बघलस आणि सुरू झालस."

ते खरं होतं. सावलीत बसलो आणि मग साहेबानं आपलं सांगितलं. मास्तर तुकड्यातुकड्यानं माझ्याकडे देत होते. त्यांच्याकडेही किनाऱ्याला किल्ले आहेत, अर्धे पडलेले, आणि तिथंही माझ्यासारखी माणसं ते दाखवतात. "आणि इंग्रज इलो की तीं पण गोड सांगतत," मास्तर म्हणाले. हे साहेबाचं की मास्तरांचं स्वतःचं, ते मला कळलं नाही.

त्यांचे लोक एक मोठी लढाई हरले. मग सरकारनं त्यांच्या डोंगरातल्या माणसांना चौकड्याचं कापड नेसायला बंदी केली. नेसलं तर तुरुंग. हे सांगताना साहेबानं माझ्या कमरेच्या चौकड्याच्या पंच्याला बोट लावलं. मी म्हटलं, "सायबाक सांगा, हो वेंगुर्ल्याच्या बाजारातलो. तुरुंग नाय, फक्त रंग जाता." साहेब हसला. पुढचं सांगताना हसला नाही. नंतर त्यांच्या जमीनदारांना मेंढरं पाळण्यात जास्त मिळतं असं कळलं, तेव्हा त्यांनी माणसांना जमिनीवरून काढलं.

"मेंढरांसाठी?" मी विचारलं.

"मेंढरांसाठी."

"माणसां काढून?"

"घरां जाळून."

"कोणी? इंग्रजांनी?"

मास्तरांनी विचारलं. साहेबानं मान हलवली. "नाय. तेंच्याच मोठ्या माणसांनी."

"मगे तीं माणसां खंय गेली?"

"दर्यार. हेच्या आज्याचो बापूस तेंच्यातलोच. शेतकरी होतो, मासे मारूक लागलो. हेची आई बंदरार मासे साफ करी."

मी म्हटलं, "म्हणजे हो आमच्यातलोच." मास्तरांनी हे सांगितलं. साहेबानं हात पुढे केला, तो मी धरला. मग मी उठलो आणि त्याला परत दरवाज्यापासून किल्ला दाखवला. तट कोणी पाडला, का पाडला, सगळं. दोन वेळा चढउतार झाली म्हणून मास्तर कुरकुरत होते. त्या दिवशी एका माणसाला मी किल्ला दोनदा दाखवला, आणि त्यातला दुसरा खरा.

दुपारी होडी दक्षिणेला वाळूच्या बाजूला नेली. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट बसली होती. साहेबाला ती फार आवडली. पायानं दाबून बघितली, खाली वाकून हात फिरवला. त्याच्या देशात समुद्राकाठी अशीच जमीन असते, पीक येत नाही, नुसतं गवत, मेंढरं चरतात. तिथंच हा गॉल्फ सुरू झाला. काठीनं चेंडू मारायचा, लांब खड्डा असतो, त्यात घालायचा, कमीत कमी फटक्यांत. मी म्हटलं विटीदांडूच, फक्त विटी गोल आणि पळायला मोठा माणूस.

खड्डे मी करवंटीनं खणून दिले, सहा. साहेबाच्या पहिल्या फटक्याला चेंडू असा गेला की मी बघत राहिलो. दुसरा चेंडू कुर्लीच्या बिळात गेला. मी विचारलं, हे बीळ चालेल काय? नाही म्हणाला. मग मला काठी दिली. मी वल्हं मारतात तशी मारली. चेंडू जागेवर आणि अर्धी वाळू साहेबाच्या तोंडावर. दुसऱ्यांदा लागला, पण वाकडा गेला तो थेट सुकत घातलेल्या बांगड्यांत. तिथं राखणीला बसलेली म्हातारी उठली.

"ह्यो कोणाचो अंडो रे?"

"माझो नाय, सायबाचो," मी म्हटलं.

"सायब अंडी घालता? तेका सांग, माझे मासे फुटले तर तेच्याकडसून साफ करून घेतलंय."

मास्तरांनी हे जसंच्या तसं सांगितलं. आम्हाला वाटलं साहेब माफी मागेल. तो तिच्या विळीसमोर उकिडवा बसला आणि टोपलीतला एक ताजा बांगडा घेतला. एका हिसक्यात पोट उघडलं, अंगठा फिरवला, आतडी बाहेर. दुसरा घेतला. तिसरा घेतला. म्हातारी त्याचा अंगठा बघत होती. मग मला म्हणाली, "हेका कोणीतरी शिकवलेला हा. पोटाकडसून सुरू करता, गोऱ्याक हां खंयसून कळतला?" साहेब हात वाळूत घासत मास्तरांना काहीतरी म्हणाला. मास्तरांनी ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता व्हिस्कीचं.

परतताना वारा पश्चिमेचा होता, शीड भरलं होतं, ऊन कलतं. साहेबानं पिशवीच्या तळातून बाटली काढली. साहेबाकडे दारूचं परमीट होतं, पण ते खोलीत बसून प्यायचं. मास्तरांकडे कसलंच परमीट नव्हतं. त्यांनी किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "समुद्राक खंयची खोली?" आणि पहिला पेला घेतला. साहेब सांगत होता की ही दारू तेही एकेकाळी सरकारपासून लपवून डोंगरात गाळायचे, त्याचा आजा गाळायचा. मग त्यानं दुसरा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"मी घेणंय नाय," मी म्हटलं.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाबा, ऐक. हेंच्याकडे खेळ झाल्यार काठयो उचलणाऱ्याबरोबर एक पेलो घेतत. घेतलो नाय म्हणजे दिवस वायट गेलो, असो अर्थ. आणि हो माका सकाळीच सांगी होतो, खाणीवरचे पावणे आता पावसापर्यंत तुज्याच होडयेतसून धाडतलो. घे आणि ओठाक लाव."

"घरात कळात."

"मगे सांगू काय हेका, बायलेक भियता म्हणान?"

बायकोच्या भीतीनं पीत नाही, हे इंग्रजीत सांगितलेलं ऐकायची माझी तयारी नव्हती. पेला हातात घेतला. वास आला. वर्षभरात तो वास आला नव्हता आणि आता नाकापासून चार बोटांवर होता. खोटं कशाला बोलू, हात तोंडाकडे निघाला होता.

तेव्हा मला राखण आठवली. आमच्याकडे समुद्राचा, खडकांचा, वाटेचा राखणदार असतो. हंगामाला त्याला नारळ, विडी आणि थोडी दारू देतात, आणि देताना गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्यानं मागणं मागायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. मी सुकाणू साहेबाच्या हातात दिलं. कोळ्याचा वंशज, त्यानं ते बरोबर धरलं. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन उभा राहिलो.

"बा बारा खडकांच्या, बारा वाटांच्या म्हाराजा!"

मास्तर ख्रिस्ती असले तरी मालवणचे. पेला बाजूला ठेवून म्हणाले, "होय म्हाराजा!"

"ह्यो सायब दूर मुलखातसून तुज्या दाराक इलो हा."

"होय म्हाराजा!"

"तेची ही सेवा मान्य करून घे, आणि तेका सुखरूप घराक पोचय."

"होय म्हाराजा!"

आणि सगळा पेला समुद्रात ओतला. साहेबानं टोपी काढली होती. मास्तरांनी त्याला काय सांगितलं देव जाणे, पण त्यानं मोठ्या मानानं पेला पुन्हा भरला आणि माझ्याकडे दिला. मी दुसरं गाऱ्हाणं घातलं, खाणीतल्या यंत्रांसाठी. तिसरं त्याच्या आईसाठी. चौथ्या वेळेला साहेब मास्तरांना म्हणाला, ह्या समुद्रात एकूण किती राखणदार आहेत? मास्तर म्हणाले, पुष्कळ. साहेबानं बाटली उन्हाकडे धरली, किती उरली ते बघितलं आणि बूच लावलं.

चूक इथं झाली होती आणि ती मला धक्क्यावर उतरेपर्यंत कळली नाही. राखण दर्याकडे तोंड करून द्यायची असते. जमिनीकडे तोंड करून, पाठ फिरवून देत नाहीत. दर्या पश्चिमेला आणि वाराही पश्चिमेचा. तीन पेल्यांतली जेवढी समुद्रात गेली त्याच्या निम्मी माझ्या सदऱ्यावर. वाऱ्याच्या तोंडावर थुंकायचं नाही हे मी पाचव्या वर्षापासून जाणतो, पण देवाचं काम करताना ते आठवलं नाही.

घरी गेलो. जानकी अंगणात मासळीच्या टोपल्या धूत होती. मी चार पावलं लांब होतो तेव्हाच तिचे हात थांबले.

"पिऊन इलात."

"नाय गो. ऐक."

"वास येता."

"सदऱ्याक येता. तोंडाक बघ." तोंड उघडून दाखवलं. तिनं बघितलं नाही. मी सगळं सांगितलं, साहेब, पेला, गाऱ्हाणं, वारा. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "तीन पेले राखणदारान पिल्यान आणि झिंगलात तुमी?"

"झिंगलंय खंय? सरळ उभो आसंय."

तेवढ्यात पास्कू मास्तर माझी बाजू मांडायला आले. मला वाटलं वाचलो. मास्तर कुंपणाच्या काठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जानकी, मी साक्षी आसंय. तुज्या घोवान थेंब घेवक नाय. सगळी मी घेतलंय." एवढं बोलून ते कुंपणावर बसायला गेले आणि पलीकडे पडले.

"साक्षीदार बरो आणलात," जानकी म्हणाली.

रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली आणि बोचकं बांधून दाराशी ठेवलं. मग म्हणाली, "फाल्या सकाळी देवळात कौल लावतंय. देव सांगात तां."

कौल म्हणजे गुरव देवाच्या मूर्तीला कळ्या लावतो आणि आपण प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं, विहिरी, जमिनीचे तंटे यावर सुटले आहेत. त्यापुढे कोर्ट नाही.

सकाळी ती न्हाऊन नारळ घेऊन गेली. मी होडी काढली नाही. पावणे धक्क्यावर उभे होते, त्यांना दुसऱ्याच्या होडीत घातलं. मी खरं बोललो होतो, पण खरं बोलणाऱ्यालाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. डावी कळी काय वाऱ्यानंही पडते. ते बोचकं दाराशी होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून जाळं विणत बसलो. एकही गाठ धड बसली नाही.

नऊच्या सुमाराला ती आली. बोचकं सोडलं, लुगडी दांडीवर टाकली. मग आतून म्हणाली, "भाकरी घातलंय. खावा आणि कामाक लागा."

साहेब नंतर तीनदा आला. प्रत्येक वेळी मी त्याला आधीच सांगायचो, राखण आज एकच. पुढे त्याची बदली झाली. गोवा सुटला. खाणीवरचे पावणे दोन हंगाम आले, मग बंद झाले.

मी पुन्हा कधी प्यायलो नाही. दारूबंदी ढिली झाली, परमिटं निघाली, दुकानं आली, तरीही नाही. आणि एक गोष्ट मी सगळीकडे सांगत सुटलो. पास्कू मास्तरांना सांगितली, धक्क्यावर सांगितली, किल्ला दाखवताना पावण्यांनाही सांगितली, की देवानं माझी साक्ष दिली. उजवी कळी पडली. जानकीच्या समोरही सांगायचो. ती मासे निवडत असायची, मान वर करायची नाही.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. एक दिवस मी तिला पेज भरवत होतो. आपलं धीर द्यायचं म्हणून म्हटलं, "देव तुका बरी करतलो गो. तेणां माजी साक्ष दिल्यान नाय? तसोच तुका पावतलो."

तिनं पेजेचा चमचा हातानं बाजूला केला.

"कौल लावकच नाय मी."

"काय?"

"देवळात गेलंय, तां खरां. नारळ ठेवलंय. गुरव विचारी, काय विचारूचा हा? मी म्हटलंय, काय नाय, पाया पडाक इलंय. पायरेर बसलंय थोडी आणि इलंय."

"कित्याक पण?"

"डावी पडली असती तर?"

मग विचारलं, "म्हणजे तुका काय वाटला होता? मी पिललंय?"

"वास येय होतो," ती म्हणाली.

मी पुन्हा सगळं सांगायला लागलो. वारा पश्चिमेचा होता, दर्याकडे तोंड करावं लागतं, पेला असा धरला होता. हातानं करून दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हवांदे आता. पेज निवता." उरलेली पेज खाल्ली. पुढं पंधरा दिवसांनी गेली. तेवढ्या दिवसांत मी तो विषय चार वेळा काढला आणि चारही वेळा तिनं ऐकून घेतलं. पटलं का, ते बोलली नाही.

चाळीसच्या वर वर्षं ती मला खोटारडा समजून माझ्या घरात राहिली, आणि मी देवाचे आभार मानत होतो.